प्रतीक्षायादी आणि रहिवासाचा दाखला

अवयवदानावरील लेखाचा प्रारंभ दधीची ऋषींपासून करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. सुरतेत त्यात दानवीर कर्णाची भर पडते. तापीकाठच्या अश्विनीकुमार घाटाशी कर्णाच्या अंत्यसंस्काराची लोकश्रद्धा जोडलेली असल्याने येथील प्रत्येक व्यासपीठावरून 'सुरत ही कर्णभूमी' हे वाक्य उच्चारले जातेच. दोन्ही महात्म्यांविषयी पूर्ण आदर बाळगून एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. दधीचींच्या अस्थी कोणाकडे जाणार हे आधीच ठरलेले होते आणि कर्णाच्या दारात याचक एकटाच उभा होता. आज याचक हजारो आहेत व देणारे मूठभर. अशा वेळी दात्याच्या औदार्याइतकाच वाटपाचा नियमही महत्त्वाचा ठरतो.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला 'अवयवदान : श्रेष्ठ दान' या विषयावर लिहावयास सांगितले होते. त्यांच्या संमतीने मी विषय किंचित वळवून घेतला आहे. दानाची महती आपण सर्व जाणतोच. परंतु दान केलेले मूत्रपिंड कोणाला मिळते, ते कोण ठरवते, आणि उधन्यात आयुष्य काढलेल्या परंतु रेशनकार्ड अजून धुळे-नंदुरबारकडे असलेल्या माणसाचे नाव त्या यादीत येते की नाही, याविषयी आपल्या मंडळींत फारशी चर्चा होत नाही. मी येथे गेली अनेक वर्षे जनरल प्रॅक्टिस करीत आहे. प्रत्यारोपण तज्ज्ञ नाही. जे लिहितो आहे ते पांडेसरा-उधना-लिंबायत या पट्ट्यातल्या दवाखान्याच्या खुर्चीवरून दिसलेले आहे.

प्रथम कायद्याविषयी थोडेसे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले, त्या वेळी मेंदूमृत्यू ही संकल्पना आपल्या कायद्याला ठाऊकच नव्हती. तो रुग्ण काही तासच जगला, आणि पुढे पाव शतकाहून अधिक काळ हे क्षेत्र कायद्यावाचूनच राहिले. दरम्यान मुंबई व मद्रासकडे मूत्रपिंडांचा उघड बाजार भरला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने संसदेला कायदा करण्यासाठी राज्यांच्या ठरावांची गरज होती. असे ठराव महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या तीन राज्यांनी केले आणि १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा अस्तित्वात आला. तो ४ फेब्रुवारी १९९५ रोजी प्रथम याच तीन राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. २०११ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, ती जानेवारी २०१४ पासून अमलात आली, आणि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात सविस्तर नियम आले.

या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली व तो ठरवण्याचे काम चार डॉक्टरांच्या मंडळाकडे सोपवले. रुग्णालयाचे प्रमुख, शासनमान्य सूचीतील एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकार तज्ज्ञ किंवा मेंदू शल्यविशारद, आणि रुग्णावर उपचार करणारा डॉक्टर असे हे मंडळ असते. मेंदूविकार तज्ज्ञ उपलब्ध नसल्यास भूलतज्ज्ञ, अतिदक्षता तज्ज्ञ, फिजिशियन किंवा सर्जन चालतो, ही २०११ ची सवलत लहान शहरांसाठी फार मोलाची आहे. किमान सहा तासांच्या अंतराने तपासण्या दोनदा कराव्या लागतात. आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील कोणीही या मंडळात असता कामा नये. सामान्य माणसाच्या मनात 'अवयवासाठी लवकर मेलेला ठरवतील' अशी जी भीती असते, तिला उत्तर म्हणून हीच एक तरतूद मी नातेवाईकांना सांगत असतो. ती त्यांना पटते. आकृत्या व मेंदूचे चित्र दाखवून जे साधत नाही ते 'ज्याला किडनी बसवायची आहे त्याचा डॉक्टर या खोलीत येऊच शकत नाही' या एका वाक्याने साधते.

एक अडचण मात्र कायद्याने अर्धवट सोडली आहे व ती आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी भेटते. अवयवदानाच्या कायद्यात मेंदूमृत व्यक्ती ही मृत व्यक्ती होय. परंतु जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातील मृत्यूची व्याख्या निराळी आहे. नातेवाईकांनी दानास संमती दिली तर पुढचा मार्ग स्पष्ट असतो. त्यांनी नकार दिला, तर तोच देह त्याच खाटेवर व्हेंटिलेटरला जोडलेला राहतो, बिल वाढत जाते, आणि यंत्र थांबवण्याचा निर्णय घ्यावयास कोणी पुढे येत नाही. केरळ शासनाने २०२० मध्ये मेंदूमृत्यूचे निदान अवयवदानापासून वेगळे करण्याच्या सूचना काढल्या. तसे सर्वत्र व्हावयास हवे असे माझे स्पष्ट मत आहे. 'दान दिले तर मेला, नाही दिले तर जिवंत' असा अर्थ लोकांनी काढला तर त्यात लोकांचा दोष नाही.

आता मूळ विषयाकडे वळू.

सुरतेत मरणोत्तर अवयवदानाची चळवळ २००५-०६ च्या सुमारास उभी राहिली. श्री. निलेश मांडलेवाला व त्यांची डोनेट लाइफ ही संस्था यांचे श्रम येथे कोणालाही विसरता येणार नाहीत. पुष्कळ वर्षे सुरतेत दान झालेली मूत्रपिंडे व यकृते अहमदाबादच्या किडनी इन्स्टिट्यूटकडे, म्हणजे डॉ. हरगोविंद त्रिवेदी यांनी उभारलेल्या संस्थेकडे रवाना होत. डिसेंबर २०१५ मध्ये सुरतेहून एक हृदय विमानाने मुंबईस गेले. त्याच वर्षी ३ ऑगस्टला मुलुंड येथे डॉ. अन्वय मुळे यांनी पुण्याहून आलेल्या हृदयाचे प्रत्यारोपण करून मुंबईतील दीर्घ खंड मोडला होता. हृदय बाहेर काढल्यापासून साधारण चार तासांत नव्या छातीत धडधडू लागावे लागते, यकृताला आठ ते बारा तास मिळतात, मूत्रपिंडाला एक दिवसाची मुदत असते. ग्रीन कॉरिडॉरचा सारा खटाटोप या घड्याळासाठी असतो.

हे दाते कोण असतात, हे पाहण्यासारखे आहे. नव्या सिव्हिल रुग्णालयातून अलीकडच्या वर्षांत जी अवयवदाने झाली, त्यांत खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार व ओडिशा येथून पोटासाठी आलेल्या श्रमिकांच्या कुटुंबांचा वाटा ठळक आहे. मोटारसायकलचा अपघात, बांधकामावरून पडणे, रक्तदाबाने मेंदूत झालेला रक्तस्राव, ही कारणे आपल्या ओळखीची आहेत. नंदुरबारहून सुरत रेल्वेने दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. मुंबई त्याच्या दुपटीहून लांब. त्यामुळे उधना-जळगाव लोहमार्गावरच्या गावांतून गंभीर जखमी रुग्ण सुरतेकडे येणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. उपचार सुरतेत, मृत्यू सुरतेत, आणि दानही सुरतेत.

परंतु यादीचे काय? गुजरातच्या मरणोत्तर अवयव प्रत्यारोपणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार राज्याच्या प्रतीक्षायादीत प्राधान्य मिळण्यास गुजरातच्या अधिवासाचा दाखला आवश्यक होता. दाखला नसलेल्याचा विचार दाखलेवाल्यांची यादी संपल्यावर. आणि ती यादी कधीच संपत नाही, हे सांगावयास नको. याचा व्यवहारातील अर्थ असा की शिरपूर किंवा शहाद्याच्या माणसाचे मूत्रपिंड सुरतेत दान होऊन गुजरातच्या यादीतील रुग्णास लागू शकत होते, परंतु त्याच माणसाचा उधन्यात राहणारा भाऊ डायलिसिसवर असला तर त्याला त्या यादीत खरे स्थान नव्हते.

माझ्या एका रुग्णाची हकीकत सांगतो. लूमच्या खात्यात काम करणारा, मूळचा धुळे जिल्ह्यातला, उधन्यात चौदा वर्षे. २०२१ मध्ये दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. पत्नी द्यावयास तयार, परंतु रक्तगट जुळेना. आईस मधुमेह. मग मरणोत्तर दानाच्या यादीत नाव घालण्याचे ठरले व तेथे दाखल्याची अट आली. चौदा वर्षांत त्याने पाच खोल्या बदलल्या होत्या, भाडेकरार एकाचाही नव्हता. खात्यातला पगार रोखीने. रेशनकार्ड गावाकडे, म्हातारीच्या नावावर. मुले मात्र येथल्या शाळेत. तो एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जात राहिला आणि प्रत्येक ठिकाणी दहा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला गेला. 'डॉक्टरसाहेब, चौदा वर्षांचा कापूस नाकात गेला आहे, तो दाखवू का?' असे तो मला म्हणाला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करून खात्यात पाळी भरणाऱ्या माणसाने दाखल्यासाठी रजा घ्यावी कधी, हा प्रश्न कोणत्याही परिपत्रकात नसतो.

ही अट केवळ आपल्याच माणसांना जाचत होती असे नव्हे. गुजरातमध्ये राहणारे परंतु दाखला न मिळालेले काही रुग्ण उच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बिरेन वैष्णव यांनी मार्गदर्शक सूचनांतील संबंधित कलमे घटनाबाह्य व मूळ कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केली. केंद्राच्या कायद्यात अधिवासाची अट नाही, ती राज्याने सूचनांच्या आधारे घालता येणार नाही, आणि समानतेच्या व जीविताच्या मूलभूत हक्कांना तिने बाध येतो, हा निकालाचा गाभा. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व राज्यांना कळवले की नोंदणीसाठी अधिवासाची अट ठेवू नये. रुग्णास कोणत्याही राज्यात नाव नोंदवता यावे. मरणोत्तर अवयव मिळण्यासाठी असलेली ६५ वर्षांची वयोमर्यादा काढली गेली. काही राज्ये नोंदणीसाठी पाच-दहा हजार रुपये शुल्क घेत, तेही घेऊ नये असे सांगण्यात आले.

न्यायासाठी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. गुजरात राज्याने सार्वजनिक पैशातून प्रत्यारोपणाची व्यवस्था उभी केली, आपल्या लोकांत जागृती केली. मग बाहेरच्या सधन रुग्णाने चार राज्यांत नावे घालून येथला क्रमांक पटकवावा काय, ही भीती निराधार नव्हती. तामिळनाडूत परदेशी रुग्णांना हृदये गेल्यावरून २०१८ साली मोठा गहजब झाला, तो आपण वाचलाच असेल. परंतु या रोगावर अधिवासाचा दाखला हे औषधच नव्हे. सधन माणूस दाखला मिळवतो, फ्लॅट विकत घेऊन वीजबिल दाखवतो. अडकतो तो खोली बदलणारा. एका रुग्णाची देशभर एकच नोंद आणि त्याला एकच राष्ट्रीय ओळखक्रमांक, हाच यावरचा योग्य इलाज होय, आणि राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेने, म्हणजे नोटोने, तोच मार्ग धरला आहे. अवयव आधी जवळच्या रुग्णास द्यावा यास माझा मुळीच विरोध नाही. चार तासांचे हृदय गुवाहाटीला पाठवा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. अंतर हा वैद्यकीय निकष आहे. कोणत्या जिल्ह्याचे रेशनकार्ड आहे हा नाही. नंदुरबारचा रुग्ण सुरतेपासून जितका दूर आहे, त्याहून अहमदाबादचा रुग्ण अधिक दूर आहे, हे नकाशा पाहणाऱ्यास कळते.

यादीतील क्रम कसा लागतो, हेही थोडक्यात सांगतो, कारण 'वशिला लागतो' हा समज आपल्या वस्तीत फार खोल रुतला आहे. मूत्रपिंडासाठी प्रथम रक्तगट पाहिला जातो. मग गुण मोजले जातात : डायलिसिसवर काढलेला काळ, वय (लहान मुलांना अधिक गुण), डायलिसिससाठी हाताच्या शिरा शिल्लक न राहणे, पूर्वी स्वतः मूत्रपिंड दिले असणे, घरातील कोणी मरणोत्तर दान केलेले असणे. दात्याच्या रुग्णालयास प्रत्यारोपणाची परवानगी असेल तर दोन मूत्रपिंडांपैकी एक सामान्यतः तेथील रुग्णाकडे व दुसरे सर्वांच्या यादीकडे जाते. मुंबईत विभागीय समन्वय केंद्र २००० सालापासून हे काम पाहते. गुजरातेत अहमदाबादचे राज्य केंद्र, आणि महाराष्ट्र, गुजरात व गोव्यासह पश्चिम भारतासाठी के. ई. एम. मधील प्रादेशिक केंद्र आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये नोटोने यादीत स्त्री रुग्णांना व मरणोत्तर दात्यांच्या नातेवाईकांना अग्रक्रम देण्याची सूचना राज्यांना केली.

स्त्रियांविषयीची ही सूचना काहींना अवाजवी वाटली. मला वाटली नाही. २०२३ मध्ये देशात १८,३७८ प्रत्यारोपणे झाली. मरणोत्तर दाते अवघे १,०९९. बाकी सारा भार जिवंत दात्यांवर. त्या जिवंत दात्यांत स्त्रिया ९,७८४ व पुरुष ५,६५१. मरणोत्तर दात्यांत हेच प्रमाण उलटे, पुरुष ८४४ व स्त्रिया २५५, कारण रस्त्यावर मरतात ते बहुधा पुरुष. म्हणजे जिवंतपणी पोट चिरून घ्यावयाची वेळ आली की घरातील बाई पुढे होते, आणि बाईलाच मूत्रपिंड लागले की घर विचारात पडते. दवाखान्यात हे आपण रोज पाहतो. फक्त आकडे पाहिल्यावर थोडे अधिक बोचते.

जिवंत दात्यांच्या बाबतीत आपल्या डॉक्टर मित्रांना एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. पती-पत्नी, आईवडील, मुले, भावंडे व २०११ पासून आजी-आजोबा व नातवंडे हे जवळचे नातेवाईक. याव्यतिरिक्त कोणीही द्यावयाचे असल्यास प्राधिकार समितीची परवानगी लागते. जुलै २०१६ मध्ये मुंबईच्या एका खासगी रुग्णालयात एक प्रत्यारोपण ऐन वेळी थांबवले गेले. रुग्ण सुरतेचा कापड व्यापारी. कागदोपत्री पत्नी म्हणून उभी केलेली बाई त्याची पत्नी नव्हती. त्या प्रकरणात डॉक्टरांनाही अटक झाली. आपणाकडे 'फॅमिली डॉक्टर म्हणून एक पत्र द्या, हे दोघे सख्खे भाऊ आहेत एवढे लिहा' अशी विनंती घेऊन लोक येतात. त्यांत खरे गरजू असतात, आणि आपल्यास नाही म्हणवत नाही. तथापि खोट्या कागदपत्रांस साहाय्य करणे हा याच कायद्याखाली गुन्हा असून त्यास पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड आहे. अनधिकृतपणे अवयव काढण्याच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या डॉक्टरचे नाव वैद्यक परिषदेच्या नोंदवहीतून पहिल्या वेळी तीन वर्षांसाठी व पुन्हा घडल्यास कायमचे काढले जाते. जे आपल्यास स्वतः ठाऊक आहे तेवढेच लिहावे. गावाकडचे नाते गावाकडचा दाखलाच सिद्ध करील. 'पाटील' व 'पाटिल' अशा दोन लेखनांनी समितीसमोर किती फेऱ्या होतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी रुग्णास आधारकार्डावरील नाव दुरुस्त करण्याचा सल्ला आजाराच्या पहिल्याच महिन्यात द्यावा.

आपल्या भागातील ज्या रुग्णालयांत अतिदक्षता कक्ष व शस्त्रक्रियागृह आहे त्यांना प्रत्यारोपणाची परवानगी नसली तरी केवळ अवयव काढण्याचे केंद्र म्हणून नोंदणी करता येते, ही तरतूद अनेकांस ठाऊक नाही. अतिदक्षता कक्षातील डॉक्टरने नातेवाईकांना दानाविषयी विचारणे हे आता कायदेशीर कर्तव्यही आहे. पोलीस केस असल्यास पंचनामा व शवविच्छेदनाशी समन्वय साधून अवयव काढता येतात. त्यासाठी रुग्णास शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवण्याची गरज नसावी.

राहिला प्रश्न यादीतील आपल्या माणसांचा. दाखल्याची अट गेल्यानंतर माझ्या त्या रुग्णाचे नाव २०२३ मध्ये यादीत लागले. अद्याप हाक आलेली नाही. त्याच्या रक्तगटाची रांग मोठी आहे. परंतु नाव लागणे म्हणजे काम संपले असे नव्हे. हाक रात्री दोन वाजता येते, चार-सहा तासांत अहमदाबादेस वा अन्य केंद्रावर पोहोचावे लागते, आणि फोन न लागल्यास यादी खालच्या नावाकडे सरकते. खात्यातील मंडळी स्वस्त योजना दिसली की सिमकार्ड बदलतात. म्हणून अशा प्रत्येक रुग्णाचे तीन फोननंबर आम्ही दवाखान्याच्या वहीत लिहून ठेवतो : स्वतःचा, घरमालकाचा आणि खात्यातल्या मुकादमाचा. नंबर बदलला की प्रथम प्रत्यारोपण केंद्रास कळवायचे, मग सासुरवाडीस. तपासण्या वर्ष उलटले की पुन्हा करायच्या. आणि आखाजीला गावी जाताना केंद्राच्या समन्वयकास सांगूनच गाडीत बसायचे, म्हणजे हाक आली तर शिंदखेड्याहून किती वाजता पोहोचाल याचा हिशोब त्यांना आधीच करता येतो.